दोन सूत पत्रा

यवत,
ता. ६ नोव्हेंबर १९५५

चि. युसुफ यास खैरुन आपाचा दुवा.

तुम्ही दोघं नवरा-बायको खुशाल असाल. रहिमाबीचा खोकला थांबला का ते कळव. आम्ही मायलेकी ठीक आहोत.

एक गोष्ट विचारायची आहे. तू माझगावच्या गोदीत तीन वर्षं पत्र्याचं काम केलंस, म्हणून तुलाच विचारते. गुलशनच्या अब्बांची लोखंडी नाव तुला माहीत आहे. कालव्याच्या दुरुस्तीचा ठेका होता तोवर तिच्यातून दगड, चुना, गाळ सगळं वाहिलं. ते गेले त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून नाव काठावरच्या बाभळीखाली दगडांवर पालथी घातलेली आहे.

परवा पुण्याचा एक भंगारवाला आला. त्यानं काठीनं दोन-चार ठिकाणी ठोकलं, नखानं गंज खरवडला आणि म्हणाला, "बाई, पत्रा कागदासारखा झालाय. वजनावर घेईन. दोनशे रुपये." मी म्हटलं, "आमचे हे दोन सूत पत्रा आहे असं सांगायचे." तो हसला. म्हणाला, "वीस वर्षांपूर्वी असेल."

पत्रा जाड की पातळ यावर नावेची किंमत एवढी बदलते का रे? मला तर ती तशीच दिसते, जशी पहिल्या दिवशी होती.

गुलशन सातवीची फायनल पास झाली ते तुला कळवलंच आहे. जूनपासून पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळते आहे. दोन वर्षं तिथंच राहायचं, मग मास्तरीण. माझ्याजवळ विकण्यासारखी ही नाव तेवढी आहे. भंगारवाला पुन्हा येईल, त्याला काय सांगू?

तुझी आपा
खैरुन्निसा

---

काळेवाडी,
ता. ११ नोव्हेंबर १९५५

खैरुन आपास युसुफचा सलाम.

पत्र मिळालं. भंगारवाल्याला काही सांगू नकोस. चहा पाज आणि वाटेला लाव.

किंमत बदलते का विचारतेस. आपा, नावेची किंमत म्हणजे पत्र्याची जाडीच. रंग, बाक, वल्ही यांना कोण विचारतो? आठ सूत म्हणजे एक इंच. नवी नाव दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची असते. लोखंडाला गंज आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून खातो. दीड सुतापर्यंत उरला असेल तर नाव आणखी वीस वर्षं चालते. एका सुतावर आला की तिला नाव म्हणायचं नाही, कारण एखादं भोक पडलं तर तिथं ठिगळही लागत नाही. रिव्हेट मारायला गेलं की कडेचा पत्राच फाटतो. धरायला जागाच राहिली नाही तर नवा पत्रा बसवणार कशाला? अशी नाव मग वजनावरच जाते. तेवढं त्या माणसाचं खरं आहे. पण तो काठीनं ठोकून जाडी सांगतो हे खोटं.

तू एक कर. एक लहान हातोडी घे आणि वीत-वीत अंतरानं ठोकून बघ. चांगला पत्रा घंटेसारखा वाजतो. खाल्लेला असला तर थप्प आवाज येतो. तशा जागी खडूनं खूण कर.

गिऱ्हाईक माझ्याजवळ आहे. रहाटणीचे आबाजी, जुन्या घराण्यातले शेतकरी. पवनेवर त्यांची लाकडी नाव होती, ती या पावसाळ्यात फुटली. पिंपरीत औषधाचा कारखाना निघाल्यापासून रहाटणी-काळेवाडीची कितीतरी माणसं पलीकडे कामाला जातात. नदीला पाणी आलं की दापोडीवरून वळसा. सकाळची शिफ्ट चुकली की खाडा, आणि चार खाडे झाले की मुकादम दुसरा माणूस घेतो. आबाजींना लोखंडी नाव हवी आहे. मला म्हणाले, "युसुफभाई, आमाला दिखाऊ नाव नको. मानसं बसायची हायेत तिच्यात."

२७ तारखेला रविवार आहे. त्या दिवशी ड्रिल घेऊन येतो. तोवर दुल्हाभाईंनी नावेची काय काय दुरुस्ती केली होती ते आठवून ठेव.

युसुफ

---

यवत,
ता. १८ नोव्हेंबर १९५५

चि. युसुफ यास दुवा.

तू सांगितलंस तसं केलं. मी हातोडी घेतली, गुलशननं खडू. सकाळपासून दुपारपर्यंत ठोकत होतो. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. सगळीकडे आवाज चांगला आहे. खूण कुठंच करावी लागली नाही.

दुरुस्तीचं म्हणशील तर तशी मोठी काही झालेली नाही. दरवर्षी डांबर लावायचे तेवढंच. परवा मीच थोडं डांबर आणून जिथं जिथं उडालं होतं तिथं लावून घेतलं. गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून.

रविवारी सकाळच्या गाडीनंच ये. जेवायला थांब. गुलशन तुझी वाट बघते आहे, पण आजकाल माझ्याशी कमी बोलते. परक्या गावी राहायचं म्हणून घाबरली असेल.

खैरुन्निसा

---

काळेवाडी,
ता. २९ नोव्हेंबर १९५५

खैरुन आपास सलाम.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा गाडीतच संपला.

काल संध्याकाळी आबाजींकडे गेलो. तळाला पुढे एक, मधे एक आणि वरच्या कडेजवळ एक, अशी तीन भोकं पाडून मोजलं ते सांगितलं. तिन्ही ठिकाणी पावणेदोन सुतांच्या आसपास. वीस वर्षं वापरलेल्या नावेला हे फारच चांगलं. आबाजींच्या ओसरीवर सात-आठ माणसं बसली होती. आबाजींनी माझा जाडी मोजायचा कॅलिपर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मला ह्यातलं काय कळत न्हाई. तुमी सांगताय म्हून घेतो."

नऊशे ठरले. दीडशे रुपये विसार दिला, तो मनिऑर्डरनं पाठवतो आहे. लॉरी डिसेंबरात.

त्यांच्या घरातली दोन्ही मुलं कारखान्यात आहेत. थोरली सून शालनबाई रोज दुधाच्या बरण्या घेऊन पलीकडे जाते. तिनं आतून विचारलं, "भाऊ, नाव बुडायची न्हाई ना?" सगळे हसले. मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या घरातली नाव आहे, वहिनी."

गुलशनला म्हणावं, ट्रंक घ्यायला मामा येईल.

युसुफ

---

यवत,
ता. ३ डिसेंबर १९५५

युसुफ,

मनिऑर्डर आली. मी सही करून पैसे घेतले आणि तसेच डब्यात ठेवले. त्यातला एक पैसाही खर्चलेला नाही. ते तू परत नेऊन दे.

मी तुला खोटं लिहिलं. लढाईच्या दिवसांत, तू मुंबईला होतास तेव्हा, नाव पुलाच्या दगडी खांबावर आपटली होती. मागच्या बाजूला तळाला हातभर चीर पडली. त्या वेळी लोखंड मिळत नव्हतं. गुलशनच्या अब्बांनी तेलाच्या पिंपाचा पत्रा कापला, डांबरात भिजवलेलं गोणपाट घालून तो बाहेरून बोल्टांनी आवळला आणि आतून सिमेंट ओतलं. पुढच्या साली नीट करू म्हणाले. ते पुढचं साल कधी आलंच नाही. नाव चालत होती, मग कोण बघतं?

हातोडी तिथं गेली तेव्हा थप्प आवाज आला. एकदा नाही, चार वेळा. गुलशन खडू घेऊन उभी होती. म्हणाली, "अम्मी, इथं खूण?" मी म्हटलं, "पुढे चल." दुसऱ्या दिवशी मी तिथंच डांबर लावलं. दुसरीकडे कुठंच लावलं नाही. ती माझ्याशी का बोलत नव्हती ते मला ठाऊक होतं, तुला भलतंच लिहिलं.

तू लिहिलंस, ती सून दुधाच्या बरण्या घेऊन जाते. ती तुला भाऊ म्हणाली. ते वाचलं आणि हातातलं काम टाकून बसून राहिले. गुलशनला सगळं सांगितलं तर ती रडली आणि म्हणाली, "त्या पैशानं मी शिकले असते तर मुलांना काय शिकवलं असतं?"

भंगारवाल्याला निरोप पाठवते. दोनशे तर दोनशे. तुला त्या लोकांपुढे मान खाली घालावी लागणार. मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही.

खैरुन्निसा

---

काळेवाडी,
ता. १४ डिसेंबर १९५५

खैरुन आपास सलाम.

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही. तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू? चार दिवस पत्र खिशात घेऊन वर्कशॉपात गेलो आणि आलो. रहिमाबीलाही दाखवलं नाही.

मग राग कशाचा आला ते नीट पाहिलं. आपा, ताजं डांबर मला दिसलं होतं. सगळी नाव उन्हानं करडी पडलेली आणि मागे परातीएवढा काळाभोर डाग. त्या दिवशी मी ड्रिल घेऊन तिथं गेलो होतो. हात लावला, बोटाला डांबर लागलं, बोट रुमालाला पुसलं आणि पुढे गेलो. गाडीची वेळ झाली असं मनाशी म्हटलं. गाडीला दीड तास होता. नऊशे रुपये आले तर भाचीचं काम होईल, एवढंच डोक्यात होतं. तू निदान लिहून कळवलंस. मी तर ओसरीवर बसून शालनबाईला बहिणीचा हवाला दिला.

परवा आबाजींकडे गेलो. विसाराचे पैसे मी माझ्याजवळचे नेले आणि तुझं पत्र त्यांना सबंध वाचून दाखवलं. माझ्या डांबराचंही सांगितलं. ते तंबाखू मळत होते, ते मळणं थांबलं. मग विचारलं, "हे पत्र बाईनं आपनहून लिवलं? कुनी धरलं न्हवतं?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

"आन चीर हातभरच हाय?"

"तसं ती म्हणते. आत किती गंजलंय ते फोडल्याशिवाय कळायचं नाही."

"मग फोडून बघू की. नाव हिकडं आना. लॉरीचं भाडं माझं. सडकी निघाली तर हितंच वजनावर घालू, तुमच्या बहिनीचे दोनशे तिला पोचतील. बरी निघाली तर बघू. पर ह्या खेपेला भोकं मी सांगंन तिथं पाडायची."

विसार त्यांनी परत घेतला नाही. तू डब्यात ठेवला आहेस तसाच राहू दे. २० तारखेला लॉरी येईल. मी येऊ शकत नाही, वर्कशॉपात सुटी नाही. आबाजींचा धाकटा भाऊ हिंदुराव आणि सहा माणसं येतील.

युसुफ

---

यवत,
ता. २७ डिसेंबर १९५५

चि. युसुफ यास दुवा.

लॉरी ठरल्या दिवशी आली. हिंदुरावांनी आणि त्यांच्या माणसांनी ओंडक्यांवरून नाव ढकलत नेली, फळ्यांवरून चढवली. दोन तास लागले. मी त्यांना जेवायला वाढलं. वाढताना वाटत होतं, आता कोणीतरी त्या डागाबद्दल विचारील. कोणी विचारलं नाही. जाताना हिंदुराव म्हणाले, "काळजी करू नका, ताई." त्यांना ताई म्हणायचं काय कारण होतं?

बाभळीखाली नावेच्या आकाराची पिवळी जमीन उरली आहे. गवत उगवलेलंच नाही तिथं.

आज सात दिवस झाले. पोस्टमनला मी दोनदा वाटेत गाठलं. नाव सडकी निघाली म्हणूनच तू लिहीत नाहीस असं मी धरून चालले आहे. गुलशनला सांगून ठेवलं आहे की यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, "बघू." पण तिला सगळं सांगितलं त्या दिवसापासून ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलते, एवढं मात्र झालं आहे. रोज शेजारच्या पोरींना पाढे शिकवत बसते.

जे असेल ते लिही. वाईट असलं तरी लिही.

खैरुन्निसा

---

काळेवाडी,
ता. २ जानेवारी १९५६

खैरुन आपास सलाम.

आधी हे वाच: नाव चांगली आहे. आता बस आणि पुढचं वाच.

उशीर झाला कारण काम काल रविवारीच पुरं झालं. अर्धवट काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

नाव रहाटणीच्या उतारावर आणून ठेवली. २५ तारखेला, नाताळच्या सुटीच्या दिवशी, अर्धा गाव जमला होता. मी बोल्ट कापले. पिंपाचा पत्रा हातात आला तो पापडासारखा, मुठीत चुरा झाला. बघणाऱ्यांतला एकजण "गेली!" म्हणाला. मग गोणपाट ओढून काढलं आणि छिन्नीनं आतलं सिमेंट फोडायला घेतलं. ते निघता निघेना. शेवटी एक मोठा ढलपा सुटला आणि खाली लोखंड दिसलं. आपा, ते निळं होतं. गंज नव्हताच. चिरेच्या दोन्ही कडांना कॅलिपर लावला. दोन सूत. पुरे दोन सूत, नवा पत्रा असतो तसे.

मला समजायला थोडा वेळ लागला. पहिली काही वर्षं नव्या रंगावर निघाली, नंतर बाकीच्या नावेला पाणी आणि हवा लागत राहिली. एवढी जागा मात्र बारा वर्षं बाहेरून डांबरानं आणि आतून सिमेंटनं झाकलेली होती. गंजाला तिथं पोचताच आलं नाही. आणि तुझा तो थप्प आवाज? आत सिमेंट चिकटलेलं असल्यावर पत्रा वाजणार कसा? घंटेला आतून हात लावून धरल्यासारखं ते. ठोकून बघायला मीच सांगितलं, पण आत काय असू शकतं ते सांगायचं राहिलं. तू ज्या जागेला घाबरलीस ती सगळ्या नावेत मजबूत जागा निघाली. चीर होती, पण कडा जाड असल्यामुळे नवा पत्रा रिव्हेटांनी पक्का बसला.

थांब, अजून आहे. आबाजींनी स्वतः बोट दाखवून भोकं पाडायला लावली. एकंदर बावीस, मोजून झाल्यावर सगळी रिव्हेटांनी बुजवली. मी पहिल्या वेळी तळाला आणि वर कडेजवळ मोजलं होतं. आबाजी म्हणाले, "पानी जितवर येतं तितं का न्हाई बघत? माझ्या लाकडी नावंचं तितंच कुजलं व्हतं." तिथं ड्रिल लावलं तर लोण्यात गेल्यासारखं आरपार गेलं. दोन्ही बाजूंना, पाण्याची रेघ असते तिथं, वीतभर रुंदीचा पट्टा जेमतेम एका सुतावर आलेला. तू पत्र लिहिलं नसतंस तर ही जागा कोणी बघितलीच नसती. मी तरी नसती बघितली. पावसाळ्यात पंचवीस माणसं बसलेली असती आणि एखादा ओंडका त्या जागी लागला असता. पुढचं लिहवत नाही.

पट्टा कुजका असला तरी त्याच्या वरचा आणि खालचा पत्रा पावणेदोन सुतांचा आहे, म्हणून रिव्हेट धरतात. दोन्ही बाजूंना वरून नवी पट्टी मारली. तीन रविवारांचं काम मी आणि आमच्या वर्कशॉपातल्या करीम वेल्डरनं सुट्या जोडून एका आठवड्यात केलं. मजुरी घेतली नाही, ती माझी शिक्षा समज. पत्र्याचे आणि रिव्हेटांचे सव्वाशे रुपये किमतीतून कमी होतील. बाकीचे आबाजींनी काल माझ्या हातात दिले. तुझ्या विसारासकट पावणेआठशे झाले.

मी म्हटलं, "आबाजी, माझ्या शब्दावर विसार दिलात आणि मी तुम्हाला फसवत होतो." ते म्हणाले, "व्हय, फसवत व्हता. म्हून तर भोकं मी दाखिवली." मग हसले. मला हसायला जरा वेळ लागला.

युसुफ

---

यवत,
ता. ६ जानेवारी १९५६

चि. युसुफ यास दुवा.

तुझं पत्र गुलशननं वाचून दाखवलं, कारण पहिल्या ओळीपुढे मला अक्षरं दिसेनात. "दोन सूत, पुरे दोन सूत" हे मी तिला तीनदा वाचायला लावलं असं ती म्हणते. मला आठवत नाही. मी उठून चूल पेटवली आणि दुपारी चार वाजता शिरा केला. शेजारच्या अंबुबाई विचारायला आल्या, काय ठरलं का पोरीचं? मी म्हटलं, हो, ठरलं. त्यांना वाटलं लग्न.

बारा वर्षं मी मनात त्यांना बोल लावत होते, की काम अर्धवट ठेवलं. त्यांनी होतं तेवढ्या सामानात नीट काम केलं होतं. आज त्यांच्या कबरीवर जाऊन आले. बरं वाटलं.

आबाजींना माझा सलाम सांग. शालनबाईला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तूच काहीतरी सांग.

खैरुन्निसा

---

काळेवाडी,
ता. १२ जुलै १९५६

खैरुन आपास सलाम.

गुलशनचं पत्र आलं. वसतिगृहातल्या आमटीला मीठ नसतं एवढी एकच तक्रार आहे, म्हणजे सगळं चांगलं आहे.

तुला नावेचं सांगायचं आहे. परवा पवनेला मोठं पाणी आलं. पहाटे उताराच्या तिसऱ्या दगडापर्यंत चढलं होतं. शिफ्टची माणसं डबे घेऊन उभी, पण नावेत पाय कोणी टाकेना. आबाजी धोतर वर खोचून आधी चढले. त्यांच्यामागे त्यांची दोन्ही मुलं. मग शालनबाईनं बरण्या आत दिल्या आणि चढली. मी त्या दिवशी काही कामाशिवाय गेलो होतो, मीही चढलो. मग भराभर सगळे आले.

हिंदुरावांनी आणि आणखी दोघांनी वल्ही धरली. मधोमध आलो आणि वरून एक ओंडका वाहत आला. आंब्याचा, मुळ्यांसकट. बांबूनं ढकलायला गेले तो वळला आणि आडवा होऊन डाव्या बाजूला येऊन धडकला. बरोबर पाण्याच्या रेघेवर. एवढा मोठा आवाज झाला की एका बाईनं किंकाळी फोडली. नाव कलली, पुन्हा सरळ झाली. सगळे खाली बघत होते. मी गुडघ्यांवर बसलो आणि आतून पट्टीवर हात फिरवत गेलो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रिव्हेट एकेक चाचपला. हात कोरडाच वर आला. मी तो तसाच सगळ्यांना दाखवला.

आबाजी ओरडले, "वल्ही मारा की! बघताय काय?"

पलीकडे लागलो. माणसं उड्या मारून चढाला लागली. शालनबाई बरण्या उतरवून घेताना म्हणाली, "भाऊ, तुमच्या बहिनीला एकदा हिकडं आना. दूध पाजीन म्हनावं."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. शिफ्टचा एकही माणूस मागे राहिला नव्हता.

ईद पुढच्या आठवड्यात आहे. आदल्या दिवशी गुलशनला वसतिगृहातून घेऊन ये. मी पिंपरीच्या स्टेशनावर उभा राहीन. घरी नदी ओलांडूनच जाऊ.

युसुफ